बसलेल्या आठ जणी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘नेतृत्व’ या विषयावर लिहा, असा निरोप आला तेव्हा वर्गाचे मॉनिटर किंवा स्नेहसंमेलन गाजवणारे कुणी आठवले नाहीत. आठवली ती आमच्या मुलींच्या खो-खो संघाची कॅप्टन. पळण्यात ती संघात पाचवी-सहावी असेल. बाईंनी हिलाच का निवडलं, यावर आमची बरीच कुजबूज चालायची.

खो-खोत आठ जणी एकीआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. तिला मागे वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. गडी पलीकडे गेला की बसलेलीला मागून खो द्यायचा आणि तिच्या जागी आपण बसायचं. आमच्यातल्या सगळ्यात चपळ मुलीला नेमकं हेच जड जायचं. गडी दिसला की तिला सोडवत नसे. खांबापर्यंत एकटीच पळायची आणि आम्ही आपल्या ताटकळत बसलेल्या. कॅप्टन तिला कधी रागावली नाही. सरावात तिनं तिला नुसतं बसवून ठेवलं. गडी कुठल्या अंगाला झुकतोय ते बसल्या जागेवरून ओरडून सांगायचं, एवढंच काम. बाईसाहेब आधी फुरंगटल्या. मग तिचं तिलाच दिसायला लागलं की आपण ज्याच्या मागे ऊर फुटेस्तोवर पळतो, तो पुढच्या चौकोनातलीच्या हाताशी असतो. त्यानंतर तिचे खो असे वेळेवर पडायला लागले की समोरच्या संघाला श्वास घ्यायला फुरसत मिळेना.

कॅप्टन रोज बसायच्या जागाही बदलायची. आम्हाला तो चाळा वाटायचा. पण पावसाळ्यात नाशिकला गोदावरीला पूर आला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली की पंचवटीतल्या मुली सरावाला येणार नाहीत हे ठरलेलं. तरी कुणावाचून साखळी अडायची नाही.

आज मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग बघते. टीमवर्कच्या शिबिरांत मला हमखास डुलकी लागते, पण शिफ्ट बदलताना मी मशिनपाशी उभी असते. जाणारा ‘सगळं ओके’ म्हणून निघून जातो. टूल झिजलंय, जॉबचा म्हणजे मशिनवर घडणाऱ्या भागाचा व्यास वाढत चाललाय, हे येणाऱ्याला कळेपर्यंत रिजेक्शनची पेटी भरलेली असते. म्हणून आमच्याकडे शेवटचा जॉब दोघांनी मिळून मायक्रोमीटरनं मोजायचा आणि माप तोंडानं मोठ्यानं सांगायचं, अशी पद्धत मी घातली. खो-खोतही नुसता हात लावून भागत नाही, ‘खो’ ऐकू यावा लागतो. सुरुवातीला जुने ऑपरेटर हसले. आता मी नसले तरी मापं ऐकू येतात.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. कॅप्टन प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, तेव्हा आमच्या जुन्या संघाच्या ग्रुपवर फटाक्यांची चित्रं थांबता थांबेनात. आमची चपळ मैत्रीण तर व्हॉइस मेसेजमध्ये नुसतीच किंचाळली. कॅप्टनचा मेसेज सगळ्यात शेवटी आला: “कॅमेरावाले बसलेल्यांना दाखवतच नाहीत गं!”