क्लॉक कोण देणार?

दादरला मी नेटवर्किंगचे क्लास घेते. पॅकेट ट्रेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली नेटवर्कवर, कमांड चांगल्या पाठ होतात, पण चुकीची केबल हातात आली की काय होतं, ते तिथे कळत नाही. म्हणून ज्यांना परवडेल त्यांनी दोन जुने राउटर घरी ठेवावेत, असा माझा आग्रह असतो. लालबागच्या एका विद्यार्थिनीने ते मनावर घेतलं. सेकंडहँड सिस्को 2600 आणि 1841 तिने मिळवले होते. दोघांमध्ये सिरियल लिंक, म्हणजे एकामागोमाग एक बिट पाठवणारी थेट जोडणी, उभी करायला राउटरमध्ये बसणारी कार्डं आणि केबल हवी होती. शनिवारी क्लास सुटल्यावर आम्ही दोघी लॅमिंग्टन रोडला गेलो.

दुकानदार काकांनी कार्डांचा खोकाच काउंटरवर उपडा केला. त्यातलं एक पुढे सरकवत म्हणाले, "हे घ्या मॅडम, याला साधी लॅनची केबल लागते. तेवढाच खर्च वाचेल."

ते टी-वन, म्हणजे अमेरिकेतल्या डिजिटल टेलिकॉम लाइनचं, कार्ड होतं. जॅक लॅनसारखाच, पण आतली गोष्ट वेगळी. इथरनेटच्या, म्हणजे लॅनच्या, क्रॉसओव्हर केबलमध्ये (दोन टोकांच्या तारा उलटसुलट जोडलेल्या) पिन 1 ची जोडणी 3 शी आणि 2 ची 6 शी असते. टी-वनला 1 ची 4 शी आणि 2 ची 5 शी लागते. केबल खटकन बसली असती आणि लिंक मात्र आली नसती. शिवाय आपल्याकडे टेलिकॉममध्ये ई-वन हा वेगळा प्रकार चालतो. मी ते बाजूला ठेवायला सांगितलं.

मग विक-वन-टी (WIC-1T), एका सिरियल पोर्टचं कार्ड. याचं डीबी-60 पोर्ट म्हणजे साठ बारीक पिनांचं. खोक्यातल्या एका केबलच्या कनेक्टरमधली कोपऱ्यातली पिन आडवी झोपली होती. जुन्या मालात हे हमखास सापडतं, म्हणून कनेक्टर उजेडात धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आम्ही दोन्ही राउटरसाठी विक-टू-टी (WIC-2T) कार्डं घेतली. पोर्ट छोटं, स्मार्ट सिरियल, 26 पिनांचं, आणि एका कार्डावर दोन. मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंचं पोर्ट सारखं, त्यामुळे केबल कुठूनही कुठे लावता येते.

केबलवर मात्र तिने मला धरलं. "मॅडम, दोन केबलच्या जोडीऐवजी सरळ एकच सिरियल क्रॉसओव्हर का नको? स्वस्त आहे, लहान आहे."

शिकायचं असेल तर व्ही-35 या सिरियल कनेक्टरच्या दोन केबलची जोडीच घ्यावी, हे माझं ठाम मत आहे. सिरियल लिंकवर बिट कोणत्या गतीने जाणार हे ठरवणारा ठेका, म्हणजे क्लॉक, एकाच बाजूने द्यायचा असतो. एका केबलच्या टोकाला मेल, ती क्लॉक घेणारी डीटीई. दुसरीच्या टोकाला फीमेल, ती क्लॉक देणारी डीसीई. दोन ठोकळे एकमेकांत दाबताना क्लॉक कुठून येणार हे हातालाच कळतं.

घरी गेल्यावर राउटर बंद करून कार्डं बसवली. या राउटरमध्ये ही कार्डं चालू वीजेवर बसवायची नसतात. डीसीईचं टोक 2600 ला लावलं. स्क्रीनवर सिरियल अप, लाइन प्रोटोकॉल डाऊन, म्हणजे केबल जोडलेली पण संवाद बंद. मी गप्प राहिले. तिने केबलवरचं लेबल वाचलं, 'शो कंट्रोलर्स' टाकून 2600 च डीसीई असल्याची खात्री केली आणि 'क्लॉक रेट 64000' दिलं. लाइन प्रोटोकॉल अप झाला.

पिंग, म्हणजे एका राउटरवरून दुसऱ्याला हाक मारून उत्तर तपासणं, झाल्यावर मी म्हटलं, "आता टोकं उलट कर." तिने इंटरफेस शटडाऊन केले, केबल फिरवली आणि या खेपेला क्लॉकची कमांड द्यायला थेट 1841 चा कन्सोल (कमांड देण्याची खिडकी) उघडला.