क्लिअर लेक, आयोवा : १९५९ च्या विमान अपघाताच्या जागी

मिनिआपोलिसहून डी मॉईनला जाताना इंटरस्टेट ३५ वर साधारण निम्म्या वाटेत क्लिअर लेक लागतं. बहुतेक लोक गॅस भरतात नि पुढे निघतात. आम्ही मुद्दाम मुक्काम केला. भाचा खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकतोय, आणि ३ फेब्रुवारी १९५९ चा अपघात त्याला जागेवर जाऊन समजून घ्यायचा होता. त्यात रॉक अँड रोलचे तीन नावाजलेले गायक आणि त्यांचा वैमानिक असे चौघेही गेले. छोट्या विमानात बसणाऱ्या प्रत्येकाने ही जागा एकदा पाहावी, असं माझं ठाम मत झालंय.

एग्झिट १९४ घेऊन आधी सर्फ बॉलरूमला जा. २ फेब्रुवारीच्या रात्री ते तिघे, बडी हॉली, रिची वॅलेन्स आणि बिग बॉपर (जे. पी. रिचर्डसन), इथे गायले. हॉल अजून वापरात आहे, त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशी आत फिरता येईलच असं नाही. आधी फोन करून विचारा. ऐन थंडीत दौऱ्याच्या बसचा हीटर बंद पडला होता आणि ड्रमर पायांना हिमदंश होऊन इस्पितळात होता. म्हणून हॉलीने नॉर्थ डकोटातल्या फार्गोपर्यंत एका इंजिनाचं बीचक्राफ्ट बोनान्झा भाड्याने घेतलं. हॉलीच्या बँडमधल्या वेलन जेनिंग्जने आपली जागा तापाने फणफणलेल्या रिचर्डसनला दिली.

मेसन सिटीचा विमानतळ इथून जवळच आहे. रात्री एकच्या सुमाराला विमान उडालं. वैमानिक रॉजर पीटरसन २१ वर्षांचा, हॉली २२, वॅलेन्स अवघा १७. विमानाचा मालक ड्वायर खाली उभा राहून बघत होता. शेपटीचा पांढरा दिवा हळूहळू खाली येत दिसेनासा झाला. रेडिओवर हाका मारल्या, उत्तर नाही. सकाळी तो स्वतःच विमान घेऊन शोधायला निघाला आणि धावपट्टीपासून सहा मैलांच्या आतच त्याला अवशेष दिसले.

तपासात इंजिनात दोष सापडला नाही. आदळताना ते चालू होतं. 'एकच इंजिन, ते बंद पडलं की संपलं' ही भीती आपल्या मनात असते, इथे मात्र गोष्ट निराळी होती. आभाळ भरलेलं, खाली बर्फाने झाकलेली शेतं, दिवे जवळजवळ नाहीतच. म्हणजे क्षितिज कुठे आहे ते दिसायला काही आधारच नाही. अशा वेळी बाहेर न बघता फक्त समोरच्या यंत्रांवर विसंबून उडावं लागतं. पीटरसनची उड्डाणं ७११ तासांची होती, पण यंत्रांवर उडण्याचा परवाना नव्हता. आदल्या वर्षी त्या परीक्षेत तो नापास झाला होता. त्यात या विमानातलं विमानाची स्थिती दाखवणारं स्पेरी कंपनीचं यंत्र नाक वर-खाली झाल्याची खूण नेहमीच्या यंत्राच्या नेमकी उलट दाखवायचं. हवामान बिघडत असल्याच्या दोन सूचना निघाल्या होत्या, त्या त्याला सांगितल्याच गेल्या नाहीत. एवढं सगळं एका रात्री एकत्र आलं, आणि तरीही विमान निघालं. मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते हेच.

क्षितिज दिसत नसताना कान आपल्याला कसा फसवतो, ते भाच्याने हॉटेलच्या खोलीत दाखवलं. मला फिरत्या खुर्चीत बसवलं. "मामा, डोळे मिटा आणि ज्या बाजूला फिरताय तिकडे अंगठा दाखवा." हळूहळू एकाच वेगाने तो खुर्ची फिरवत राहिला. थोड्या वेळाने मला वाटलं, थांबलो. थांबलो नव्हतोच! मग त्याने खुर्ची खरंच थांबवली, तर मी उलट्या दिशेने फिरतोय असं वाटून अंगठा तिकडे वळला. कानातला द्रव वळणाला सरावतो, म्हणून हे होतं. विमान असंच कलत जातं, नाक खाली येतं. वैमानिकाला वाटतं आपण सरळ आहोत, फक्त उंची कमी होतेय. तो स्टिक मागे ओढतो आणि गिरकी आणखी आवळत जाते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात यंत्रांचा सराव नसलेल्या २० जणांना अशा परिस्थितीत घातलं, तर ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागली.

अपघाताची जागा गावाच्या उत्तरेला आहे. कच्च्या रस्त्यालगत हॉलीच्या चष्म्याची भलीमोठी प्रतिकृती दिसते, तिथे गाडी कडेला लावा. पुढे कुंपणाच्या कडेकडेने अर्धा मैलभर चालायचं. जमीन खासगी आहे, पिकात पाऊल टाकू नका. पाऊस झाला असेल तर चिखल बुटांना किलोकिलोने चिकटतो. उन्हाळ्यात मक्यामुळे पुढचं काही दिसत नाही, म्हणून कुंपण सोडू नका. तिथे स्टीलची गिटार आणि गाण्याच्या तीन तबकड्या आहेत, आणि पीटरसनचं वेगळं स्मारकही. ते २००९ मध्ये उभारलं गेलं, फार बरं झालं.

तुम्ही कुठे छोट्या विमानातून फिरायला जाणार असाल, तर वैमानिकाला सरळ विचारा : यंत्रांवर उडण्याचा परवाना आहे का? पोचायच्या ठिकाणचं हवामान शेवटचं कधी पाहिलंत? मधेच ढग लागले तर परत फिरणार की दुसरीकडे उतरणार? आणि 'आम्हाला आज पोचायलाच हवं' असं त्याला कधीही म्हणू नका. दुसऱ्या दिवशीचं तिकीट बदलता येईल असं ठेवा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सर्फमध्ये स्मृतिसोहळा असतो. तेव्हा यायचं तर खोली आधीच घेऊन ठेवा आणि बर्फात चालायचे बूट आणा.