टिंटिनाली घ्यायचं का?

मागच्या आठवड्यात एका ज्युनियरचा फोन आला, मॅडम टिंटिनाली घेऊ का, फार महाग आहे हो. टिंटिनाली म्हणजे इमर्जन्सी मेडिसिनचं, तातडीच्या उपचारांचं, जाडजूड अमेरिकन पुस्तक. फोनवर घाईत जे बोलले तेच इथे जरा नीट लिहितेय, कारण हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय.

मी कोकणातल्या एका छोट्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युल्टीत आहे. नववी आवृत्ती, दोन हजारांवर पानं, टेबलावर कायम उघडी. पुस्तक तपासायची माझी एकच रीत, काल रात्रीचं रजिस्टर घ्यायचं आणि आलेला एकेक पेशंट पुस्तकात शोधायचा.

छातीत दुखणं, दमा, फिट, स्ट्रोक, यात पुस्तक एकदम पक्कं आहे. मला सगळ्यात आवडतो तो डिस्पोझिशनचा भाग, म्हणजे कोणाला ठेवायचं, कोणाला घरी सोडायचं आणि सोडताना काय बजावून सांगायचं. मेडिसिनच्या पुस्तकांत पेशंट बहुतेक वॉर्डात पोचलेलाच असतो, आमचा खरा प्रश्न तर दारातच असतो, आणि मोठं हॉस्पिटल दोन तास लांब असलं की जास्तच.

पण भातलावणी सुरू झाली की मी दुसरंच पुस्तक वाचत असल्यासारखं वाटतं. सापाच्या प्रकरणात मुख्य भर रॅटलस्नेक वगैरे अमेरिकन सापांवर, आणि माझ्याकडे येतात फुरसं, घोणस, मण्यार. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सूज नाही, खूण धड दिसत नाही, पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो आणि थोड्या वेळाने पापण्या मिटायला लागतात, हे ज्याने एकदा पाहिलंय तो विसरत नाही. मण्यारीत रक्त नेहमीसारखंच गोठतं, तिथे लक्षणांवरच ओळखायचं. फुरसं-घोणस मात्र रक्त गोठू देत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी त्या पानाच्या कडेला मी पेनने लिहून ठेवलंय: कोरडी स्वच्छ काचेची टेस्ट ट्यूब (प्लास्टिकची नाही), 2 मिली ताजं रक्त, 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायची. गोठलं नाही तर एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन), सुरुवातीला 8 ते 10 व्हायल.

विंचवाचंही तेच. तिकडचा विंचू मज्जासंस्थेवर जातो, आपला लाल विंचू हृदयावर, घाम फुटतो, हातपाय गार पडतात, नंतर फुफ्फुसात पाणी. यावर प्राझोसिन हे औषध वापरायचं काम डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडसारख्या ठिकाणी बसून केलं, 1980 च्या दशकात, आणि ते लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यांचं नाव मी त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, मनापासून.

अजून एक, फवारणीच्या औषधाची विषबाधा. त्यावरचा उतारा ॲट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती मोकळी होईपर्यंत, हे पुस्तकातलं बरोबरच आहे, पण आपलं ॲम्प्युल 0.6 मिग्रॅचं, म्हणजे 2 मिग्रॅपासून सुरू करून 16 मिग्रॅवर पोचलात की त्या एका डोसलाच सव्वीस-सत्तावीस ॲम्प्युल फोडायची, आणि रात्री तीनला हा हिशेब डोक्यात होत नाही म्हणून सिस्टरसाठी तक्ता करून भिंतीवरच लावलाय.

ज्युनियरला म्हटलं घे, दोघी-तिघी मिळून घ्या. साप-विंचवाच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेत, माझं अक्षर लागलं नाही तर फोन कर, कितीही वाजलेले असोत.