न्यूट्रलला टेस्टर लागत नाही, तरी मेन बंद का करायची?

‘टेस्टर तर लागत नाहीये, मग अख्ख्या घराची मेन कशाला बंद करताय?’ पंखा बसवायला किंवा बोर्ड बदलायला गेलो की हा प्रश्न ठरलेला. टीव्हीवर मॅच चालू असेल तर जरा चढ्या आवाजात. आयटीआयहून आलेली नवी पोरंही हेच विचारतात, फक्त सुरुवात ‘सर’ म्हणून करतात. शिडीवर उभ्या उभ्या याचं उत्तर नेहमी अर्धवटच राहतं, म्हणून आज नीट लिहितो.

घरात येणाऱ्या दोन तारांपैकी फेजमधून करंट येतो, न्यूट्रलमधून परत जातो. पण न्यूट्रलमध्ये करंट नसतो, असा पुष्कळांचा समज आहे. दोन किलोवॅटचा गीझर चालू असेल तर 230 व्होल्टला फेजमधून पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट जातो, आणि तेवढाच न्यूट्रलमधून परत जातो. टेस्टर पेटत नाही, कारण तो वाहणारा करंट मोजतच नाही. जमिनीच्या मानाने त्या तारेवर किती व्होल्टेज आहे, एवढंच त्याला कळतं. न्यूट्रल तिकडे डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीला जोडलेला असतो. म्हणून घरात तो शून्याच्या जवळ दिसतो, दोन-चार व्होल्ट इकडे तिकडे. तेवढ्याने टेस्टर पेटत नाही आणि शॉकही जाणवत नाही.

म्हणजे तुमच्या बोर्डातला न्यूट्रल गप्प आहे तो डीपीवरच्या अर्थिंगच्या जिवावर. मधे मीटर, सर्व्हिस वायर, पोलवरचा जंपर, म्हणजे तिथली जोडतार. यातला एखादा जॉइंट सुटला की घरातल्या न्यूट्रलचा जमिनीशी संबंध संपला. पण फेज येतेच आहे. चालू बटणाच्या बल्बमधून ती फेज न्यूट्रलच्या तारेत उतरते आणि तिथेच अडते. करंटला पुढे वाट नाही म्हणून बल्ब पेटत नाही, आणि बल्बमध्ये व्होल्टेज खर्च होत नाही म्हणून न्यूट्रलवर पूर्ण 230 व्होल्ट. घरात अंधार आणि सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतोय, हे त्याचं लक्षण.

यातली खरी मेख अशी की सगळी बटणं बंद असतील तर तुटलेल्या न्यूट्रललाही टेस्टर लागत नाही. तुम्ही निर्धास्त होऊन तार हातात घेता, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात कोणीतरी ‘लाइट आली का’ बघायला मिक्सरचं बटण दाबतं.

‘बल्बमधून येणारा करंट तो कितीसा असणार?’ हेही विचारतात. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब घ्या. पेटलेला असताना त्याचा रेझिस्टन्स 530 ओहमच्या आसपास, थंड असताना त्याहून बराच कमी. अंगाचा दीड हजार ओहम धरला तर बेरीज दोन हजार, आणि करंट शंभर मिलिअँपिअरच्या वर. माणूस वाचवायला घरात जो आरसीसीबी बसवतात, म्हणजे गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमध्ये फरक दिसला की सप्लाय तोडणारा स्विच, तो 30 मिलिअँपिअरला पडायचा असतो, यावरून काय ते समजा. आणि न्यूट्रलची दोन सुटी टोकं दोन हातांत आली तर तो आरसीसीबीही पडेल याचा भरवसा नाही. गेलेला करंट तुमच्या छातीतून का होईना, न्यूट्रलमधूनच परत येतोय. फरक दिसला तरच आरसीसीबी पडणार ना!

मग नुसता त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे तिथल्या फेजचा स्विच, बंद केला तर? इथे दुसरी भानगड आहे. तार वाचवायला हॉल आणि बेडरूमला मिळून एकच न्यूट्रल ओढलेली घरं ढिगाने सापडतात. हॉलचा एमसीबी बंद आहे, फेज मेलेली आहे, पण हॉलच्या बोर्डात न्यूट्रलचा जॉइंट सोडला की बेडरूमच्या चालू पंख्यातून येणारी फेज त्या सुट्या टोकावर हजर. म्हणून मी मेनच बंद करतो, तीही फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारी टू पोल. आणि इन्व्हर्टरही, कारण मेन गेली की तो इमानेइतबारे सप्लाय सुरू करतो.

जुन्या लाकडी बोर्डांवर दोन किटकॅट, म्हणजे चिनी मातीचे फ्यूज, दिसतात, एक फेजला, एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर वर सांगितलेला सगळा प्रकार घरातल्या घरातच होतो. नुसत्या न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा बटण टाकायचं नाही, हे 1956च्या वीज नियमांतच होतं. तुमच्याकडे तसा बोर्ड असेल तर बदलून घ्या, दुसरा इलाज नाही.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. आपल्याकडच्या थ्री-फेज वायरिंगमध्ये निळी तार ही फेज असते, आणि मिक्सरच्या वायरमध्ये निळी म्हणजे न्यूट्रल.

सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागला तर मेन बंद करायची, पिना काढून ठेवायच्या आणि वीज कंपनीच्या माणसाला बोलवायचं. थ्री-फेजच्या इमारतीत न्यूट्रल गेला असेल तर ज्याच्या घरात लोड कमी त्याच्याकडे व्होल्टेज साडेतीनशेच्याही वर चढू शकतं, तेव्हा टीव्ही-फ्रिजसाठीही हीच घाई बरी. या वेळी गल्लीतला एखादा हुशार हमखास सांगतो की न्यूट्रल गेलाय ना, अर्थिंगची तार जोडून देतो, लगेच लाइट येईल. येतेही. पण ते अर्थिंग कच्चं असेल तर त्याला जोडलेला फ्रिजचा दरवाजा, गीझरची टाकी, वॉशिंग मशीनचा पत्रा, सगळ्यांत करंट उतरतो. आरसीसीबी असला तर तो पडतोच, मग हा गडी तोही बायपास करतो. त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.