फेस म्हणजे घाण नव्हे

ऊसतोडीच्या टोळीतला गडी, चाळिशीचा. नडगीला कोयता लागून अकरा दिवस झाले होते. जखम 5 सेंटिमीटर लांब, फार खोलही नाही, पण भरायचं नाव नव्हतं. पट्टी सोडली तर आतला गॉज मांसाला घट्ट चिकटलेला. सलाईन ओतून दहा मिनिटं भिजत ठेवला, तेव्हा सुटला. तरी त्याच्या पाठीला लाल दाणे, म्हणजे नवं कोवळं मांस, लागूनच आले.

"रोज रक्त येतं का?"

"येतं की सिस्टर. खराब रक्त जातंय म्हनलं."

कोरडा गॉज रोज ओढून काढायचा आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड, दिवसातून दोनदा. "फेस येतोय तवर घाण हाय" हा त्याचा हिशेब.

तो फेस घाणीचा नसतो. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सोडवतं. स्वच्छ जखमही फेसाळतेच. त्यात जंतूंबरोबर फायब्रोब्लास्टही मरतात, आणि नवं मांस विणणाऱ्या पेशी त्याच.

दुसऱ्या दिवशी पाय लाल, गरम झाला म्हणून त्यानं हे सुरू केलं होतं. खरं तर ती सूज कामाची. पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू मारायला येतात, दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज या मोठ्या पेशी कचरा उचलतात, मगच बांधकाम. इथं रोज नवी इजा, त्यामुळे गाडी साफसफाईतच अडकलेली.

वास नव्हता, ताप नव्हता, लाली पसरत नव्हती, जांघेत गाठ नव्हती. साखरही ठीक निघाली. टिटॅनसचं इंजेक्शन पहिल्याच दिवशी झालेलं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही, ते बरोबरच. 20 मिलीच्या सिरिंजनं सलाईनची हलकी धार, वर न चिकटणारा पॅराफिन गॉज, मग पॅड, दिवसाआड. बसताना पाय उंच.

चौथ्या ड्रेसिंगला कडेनं मोतिया-निळसर रेघ दिसली, जेमतेम 2 मिलिमीटर. ती नवी कातडी. कडेच्या पेशी ओलाव्यावरून सरकतात. खपली असली तर तिच्या खालून वाट खणावी लागते. 1962 मध्ये जॉर्ज विंटरनं डुकरांच्या जखमा झाकून ओल्या ठेवल्या, तेव्हा कातडी जवळपास दुप्पट वेगानं आली होती.

जखम मिटली त्या दिवशी मुकादम दारात हजर. "भरली ना? मग उद्यापास्नं फडात." तीन आठवड्यांच्या व्रणाला मूळ कातडीच्या पाचव्या हिश्श्याइतकीच ताकद असते, पुढंही फार तर 80 टक्के. त्याला एवढंच म्हटलं, पाचटाचा एक ओरखडा लागला तरी उसवेल. नडगीवर जाड पट्टी बांधून आणखी आठवडाभर मोळ्या बांधायच्या, तोडणी नाही, यावर शेवटी तडजोड झाली.