एल्फच्या कमरेला कोयता

माझ्या एल्फला कुऱ्हाड हवी होती. एवढ्यावरून नौपाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी पाऊण तास खेळ अडून राहिला.

झालं असं, की लेकीच्या डी अँड डीच्या टोळीतला एक भिडू आयत्या वेळी गळाला. डी अँड डी म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली अमेरिकेत निघालेला, कागद, पेन्सिल, फासे आणि भरपूर बडबड यांवर चालणारा खेळ. लेक त्यात डीएम (डन्जन मास्टर) आहे, म्हणजे कीर्तनकारही तीच आणि पंचही तीच. पोह्यांच्या बश्या उचलायला गेलेल्या मला तिने खुर्चीत बसवलं आणि गळालेल्या भिडूचा एल्फ, म्हणजे परीकथांतल्या दीर्घायुषी रानवासी जमातीतलं त्याचं पात्र, माझ्या गळ्यात घातला. नाव, वय सगळं ठरलेलं होतं, शस्त्र तेवढं घ्यायचं राहिलं होतं. यादीत कुऱ्हाड दणकट वाटली. म्हटलं, ही द्या.

“काकू, एल्फ कुऱ्हाड नाही घेत!” तिघंही एका सुरात.

“नियम आहे का तसा?”

नियम नव्हता. लेकीकडच्या २०१४ च्या पुस्तकात एवढंच आहे, की रानातल्या आणि उच्चकुलीन एल्फांना लांब नि आखूड तलवार आणि लहान-मोठं धनुष्य चालवता येतंच, मग तो योद्धा असो की दिवसभर पोथीत डोकं घालून बसलेला जादूगार. आपल्याकडे कुणी डॉक्टर होवो की कारकून, पाढे सगळ्यांनाच पाठ असायचे, तसं. बाकी शस्त्रांना बंदी नाही. २०२४ च्या आवृत्तीत तर एल्फांच्या वर्णनातून ते चार शस्त्रांचं कलमच गेलं. तरी पोरं हटेनात. “तसं शोभत नाही काकू,” एकजण म्हणाला. शोभत नाही! बावीस वर्षांच्या मुलाच्या तोंडी माझ्या आजेसासूबाईंचा शब्द.

का शोभत नाही, याचं उत्तर मला आपल्या म्हणीतच सापडलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. जे झाडांना गोत मानतात, त्यांनी झाडाचाच दांडा धरून झाडावर घाव घालायचा म्हणजे फितुरीच. खेळात कुऱ्हाडी आणि हातोडे येतात ड्वार्फ नावाच्या बुटक्या जमातीच्या वाट्याला. ते डोंगर पोखरणारे, भट्टीपुढे घाम गाळणारे, त्यांना झाडाचं सुतक कशाला? पण मग धनुष्य तरी कशाचं असतं? लाकडाचंच ना? विचारलं, तर उत्तर आलं, की एल्फ झाडाची परवानगी घेऊन फांदी तोडतात. यावर मला काही बोलता येईना. तिन्हीसांजेला तुळशीचं पान तोडायचं नाही, हे मी अजून पाळते.

धनुष्याचं कारण मात्र मला म्हणीपेक्षा हिशेबात जास्त दिसतं. मोठं धनुष्य ओढणं हे दोन-चार महिन्यांचं काम नाही. १३६३ साली इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढलं होतं, की धडधाकट पुरुषांनी सुट्टीच्या दिवशी फुटबॉल वगैरे सोडून तिरंदाजीचा सराव करावा. राजाला रविवार मागावा लागला, यातच काय ते आलं! १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेवर पुढे सांगाडे सापडले. त्यातल्या काहींच्या खांद्याच्या हाडांत वेगळेपण दिसलं आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध लहानपणापासूनच्या तिरंदाजीशी लावला. माणसाचं आयुष्य असं एका धनुष्यात खर्ची पडतं. एल्फाला काय, पुस्तकाप्रमाणे साडेसातशे वर्षं मिळतात, शंभरीच्या आसपास कुठे तो मोठ्या माणसांत धरला जातो, आणि रात्री झोपायचं तेही नाही, चार तास ध्यान लावलं की भागतं. एवढा रिकामा वेळ मला असता तर मीसुद्धा धनुष्य शिकले असते. निदान सतार तरी.

एल्फांचं बाणाशी नातं खेळाहून कितीतरी जुनं आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. अचानक कळ आली की एल्फाने बाण मारला, असं जुन्या इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये मानत. शेतात सापडणारी अश्मयुगातली गारगोटीची बाणटोकं ही त्यांचीच, असं समजून लोक ती ताईत म्हणून बाळगत. या अदृश्य लोकांना लोखंडाचं भय, असाही तिकडे समज होता. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली सुरी नाहीतर अडकित्ता ठेवतात, तो याच जातीचा. आता लोखंडाला भिणाऱ्यांच्या हातात खेळाने पोलादी तलवार दिली, ते कसं, हे मी अजून विचारलेलं नाही.

जमिनीखाली राहणारे एल्फही असतात, ड्रो नावाचे. त्यांच्या शिक्षणात मोठं धनुष्य नाही, हातात मावेल असं आडवं धनुष्य आहे. हे मला कुणी समजावायची गरज पडली नाही. बोगद्यात पुरुषभर धनुष्य ताणणं म्हणजे सकाळी ८ च्या ठाणा लोकलमध्ये लांब दांड्याची छत्री उघडणं. ड्रो घडीची छत्री वापरतात, इतकंच.

तरीही एक गोष्ट मला टोचत होती. मी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात फिरायला जाते. तिथल्या पाड्यांवरच्या बाया रस्त्याने जाताना दिसतात, कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. वाळकी फांदी तोडायला, वाट मोकळी करायला, चुलीला जळण करायला. रानात राहणाऱ्या माणसाचं पहिलं हत्यार हे. मग एल्फ चूल कशावर पेटवतात? मला वाटतं, जळण न गोळा करणारा रानवासी हा ज्यांनी कधीच जळण गोळा केलं नाही त्यांनी कल्पिलेला आहे. त्यात मीही आले. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे.

“मग माझा एल्फ कोयता घेणार,” मी म्हटलं.

लेकीने यादी चाळली. कोयता नव्हता. “विळा आहे. घाव किती बसला ते ठरवायला चार बाजूंचा फासा.”

“विळा गवताला, कोयता लाकडाला.”

बरीच घासाघीस झाली. शेवटी तिने कोयत्याला हातकुऱ्हाडीचा सहा बाजूंचा फासा दिला. म्हणजे कागदोपत्री कुऱ्हाडच. कुणाच्या लक्षात आलं नाही, मीही बोलले नाही.

खेळ सुरू झाला. तासाभराने आमची टोळी एका जंगलात पावसात अडकली. थंडी वाढतेय, कीर्तनकारबाईंनी आवाज खोल करून सांगितलं, शेकोटी पेटली नाही तर रात्र कठीण आहे. लाकूड कोण तोडणार? एकाने तलवार पुढे केली. “धार जाईल,” ती म्हणाली. दुसऱ्याकडे धनुष्य, तिसऱ्याकडे मंत्रांची वही, तीही भिजलेली.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.