कॅचर बघायचा तर पाय बघा
आज बेसबॉलमधला कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) बस्टर पोझी याच्या जुन्या क्लिप्स बघत बसलो. सगळे त्याच्या बॅटिंगवर फिदा. मी म्हणतो, पाय बघा. होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, सेकंड बेस सुमारे 127 फूट. रनर सेकंड बेस चोरायला पळाला की कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आलेला चेंडू तिथे 2 सेकंदांत पोचला तर ठीकठाक, 1.9 म्हणजे एक नंबर. नुसता दंडात जोर असून भागत नाही. उजवा पाय वेळेत वळला नाही की थ्रो फर्स्ट बेसच्या बाजूला भरकटतो.

मे 2011 मध्ये प्लेटजवळ रनर पोझीच्या अंगावर आदळला. पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, सीझन खल्लास. 2012 ला हाच पठ्ठ्या एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू! अशा धडकांना लगाम घालणारा नियम यायला मात्र 2014 उजाडलं. 2021 मध्ये .304 च्या बॅटिंग सरासरीने खेळून, 34 व्या वर्षी निवृत्त. एका मॅचमध्ये शंभरावर वेळा उकिडवं बसायचं, वर मास्कवर फाउल टिप, म्हणजे बॅटला चाटून आलेला चेंडू. बरोबरच केलं त्याने.